बाजरीच्या रानात शेणखत किती, युरिया किती आणि कधी

प्रश्न थोडक्यात असा आहे. सिन्नरच्या पूर्व भागात चार एकर रान, अर्धं मुरमाड, अर्धं मध्यम काळं. खरिपात बाजरी, विहिरीला पाणी राहिलं तर मागून कांदा. दावणीला तीन जनावरं. शेणखत टाकलं तर रासायनिक खत निम्मं करावं का? दोन्ही मिसळून एकदमच टाकता येतं का? शेणखत पुरेसं नसेल तर ते बाजरीला द्यावं की कांद्याला? आणि जाता जाता, इगतपुरीकडे सासुरवाडीला नाचणी असते, तिथंही हेच चालेल का?

पहिल्याच वर्षी रासायनिक खत निम्मं करू नका. हा सल्ला सगळीकडे ऐकू येतो आणि त्यानं बऱ्याच जणांची बाजरी पिवळी पडते. मग दोष शेणखताला लागतो, याचं मला वाईट वाटतं, कारण खत चांगलं असतं, चुकलेला असतो तो हिशेब.

चांगल्या कुजलेल्या शेणखतात नत्र (नायट्रोजन) साधारण अर्धा टक्का, स्फुरद (फॉस्फरस) पाव टक्क्याच्या आत आणि पालाश (पोटॅश) अर्धा टक्का असतो. एकरी दोन टन, म्हणजे बैलगाडीच्या चार गाड्या टाकल्या तर कागदावर १० किलो नत्र पडला. पण तो नत्र सेंद्रिय रूपात बांधलेला असतो. जिवाणूंनी तो सोडवल्याशिवाय मुळाला मिळत नाही. पहिल्या हंगामात त्यातला साधारण ३० टक्केच मोकळा होतो, म्हणजे ३ किलो. स्फुरद ६० टक्क्यांच्या आसपास, पालाश ७० ते ७५ टक्के. बाकीचं पुढच्या पिकांना, पुढच्या वर्षांना. त्यात बाजरी ७५ ते ८५ दिवसांत उरकणारं पीक. ऊस वर्षभर थांबून हळूहळू सुटणारा नत्र उचलू शकतो, बाजरीकडे तेवढा वेळ नाही. पेरणीनंतर साधारण तीन आठवड्यांनी शेंड्याच्या आत कणसाचा कोंब धरतो, त्याच सुमारास फुटवे येतात. कणीस किती लांब होणार आणि फुटवे किती टिकणार हे त्या आठ-दहा दिवसांत ठरतं. तेव्हा नत्र मिळाला नाही तर नंतर कितीही युरिया ओता, सरमाड, म्हणजे ताटं-पानं, हिरवं होईल, कणीस वाढणार नाही.

आता तुमच्या रानाचा हिशेब मांडू. मध्यम जमिनीला मी हेक्टरी ६० किलो नत्र, ३० स्फुरद, ३० पालाश धरतो, म्हणजे एकरी २४:१२:१२. दोन टन शेणखतातून या हंगामात मिळणार ३ किलो नत्र, अडीच किलो स्फुरद, सात किलो पालाश. उरला २१ किलो नत्र, साडेनऊ किलो स्फुरद, पाच किलो पालाश. युरियात ४६ टक्के नत्र, म्हणजे ४५ किलोची एक गोणी युरिया बरोबर बसते. सिंगल सुपर फॉस्फेटमध्ये १६ टक्के स्फुरद, म्हणजे ६० किलो. म्युरेट ऑफ पोटॅशमध्ये ६० टक्के पालाश, म्हणजे ८ ते १० किलो. मुरमाड तुकड्यात हेक्टरी ४०:२०:२० पुरे, म्हणजे एकरी १६:८:८. तिथं तेवढंच शेणखत टाकून २८ किलो युरिया, ३५ किलो सुपर फॉस्फेट, आणि पालाश शेणखतातूनच भागतो. मुरमाड रानाला जास्त खत देऊन ते जास्त पिकत नाही, तिथं पिकाला पाणीच आधी कमी पडतं.

म्हणजे पहिल्या वर्षी शेणखतामुळं खरी बचत होते ती पालाशची आणि थोडी स्फुरदाची. युरियात फारशी नाही. पण दरवर्षी किंवा वर्षाआड त्याच तुकड्यात शेणखत पडत राहिलं, तर मागच्या वर्षांचा उरलेला नत्रही सुटायला लागतो. चार-पाच वर्षांनी युरिया पाव हिश्श्यानं कमी करून बघा. तोही आधी दहा-बारा ओळींवर, सबंध रानावर नाही.

मग शेणखत टाकायचंच कशाला, असं वाटेल. सिन्नर, येवला, नांदगाव या पट्ट्यात बाजरी मरते ती बहुतेक वेळा ऑगस्टमधल्या उघडिपीनं. शेणखत मिळालेल्या रानात मातीचे कण धरून राहतात, पाऊस वाहून न जाता मुरतो, मुळं खोल जातात आणि आठवड्याची ओढ पीक सहज सोसतं. जस्त, लोह ही सूक्ष्म द्रव्यंही त्यातून थोडी मिळतात. फक्त एका वर्षात चमत्काराची अपेक्षा धरू नका. एकराच्या वरच्या अर्ध्या फुटाच्या थरात सुमारे नऊ लाख किलो माती असते. दोन टन शेणखतातलं निम्मं पाणी काढलं तर हजार किलो सुकं खत उरतं, आणि आपल्या उन्हाळ्यात त्यातला बराच कर्ब जळून जातो. एका पावसाळ्यात सेंद्रिय कर्बाचा आकडा हलत नाही. सातत्यानं हलतो. बंगळुरूच्या कृषी विद्यापीठाच्या आवारात १९७८ पासून कोरडवाहू नाचणीवर हाच प्रयोग चालवला गेला: नुसतं शेणखत, नुसतं रासायनिक, आणि हेक्टरी १० टन शेणखतासोबत निम्मं किंवा पूर्ण रासायनिक. नुसत्या रासायनिक खतावर उत्पादन वर्षागणिक खाली येत गेलं, शेणखताची जोड मिळालेल्या वाफ्यांनी ते टिकवलं. पावसाच्या वाईट वर्षांतही. माझा आग्रह आहे तो याच कारणासाठी.

आता खताच्या प्रतीकडे वळतो, कारण खरा घोळ इथंच असतो. रस्त्याच्या कडेला उघडा पडलेला, मे महिन्यात वाळून भुगा झालेला उकिरडा म्हणजे शेणखत नव्हे. त्यातला नत्र हवेत गेलेला असतो, पालाश पावसानं धुऊन नेलेला असतो. पालाशचा मोठा भाग तर गोमूत्रात असतो आणि ते गोठ्यातल्या मातीत मुरून जातं. गोठ्यात वाया गेलेलं सरमाड, पालापाचोळा किंवा कोरडी माती पसरा, ती मूत्र पिते, आणि रोज सकाळी शेणाबरोबर खड्ड्यात टाका. खड्डा झाडाच्या सावलीला, अडीच-तीन फूट खोल, दर फूटभर थरावर मातीचा पातळ लेप आणि अधूनमधून पाणी. थरावर थोडं सुपर फॉस्फेट भुरभुरलं तर अमोनिया उडून जाणं कमी होतं आणि तो स्फुरदही शेणखतासोबत मुरतो. तीन जनावरांमागं अशा जपणुकीत वर्षाला साडेचार-पाच टन कुजलेलं खत सहज निघतं.

खत तयार झालं की नाही हे हातानं कळतं. ढिगाच्या पोटात कोपरापर्यंत हात घाला. आत गरम लागलं तर कुजणं चालू आहे. मूठभर खत दाबा: पाणी निथळू नये, पण गोळा व्हावा आणि बोटानं टोकरल्यावर फुटावा. रंग काळसर तपकिरी, वास पहिल्या पावसाच्या मातीसारखा. शेणाचा किंवा नाकाला झोंबणारा वास आला, सरमाडाचे तुकडे ओळखू आले, तर ते कच्चं आहे. मी शंका आली की एका वाटीत ओलं खत घेऊन त्यात मेथीचे दाणे पेरतो. पाच-सहा दिवसांत निरोगी उगवले तर खत रानात जायला हरकत नाही.

कच्च्या खताचा तोटा दुहेरी. एक म्हणजे वाळवी आणि मुळं खाणारी हुमणी अळी. हुमणीचे भुंगेरे वळवाच्या पावसानंतर कडुनिंब-बाभळीवर येतात आणि अंडी घालायला कच्च्या शेणखताचं रान पसंत करतात. दुसरा तोटा कमी लोकांना ठाऊक असतो. सरमाड, भुसा, धसकटं यांत कर्ब भरपूर आणि नत्र अगदी थोडा. ते कुजवणारे जिवाणू स्वतःच्या वाढीसाठी मातीतला नत्र उचलतात, आणि नेमक्या त्याच वेळी तुमची बाजरी तीन-चार पानांवर असते. शेणखत भरपूर टाकूनही पंधराव्या दिवशी पीक फिकट दिसतं ते यामुळं. तसं झालं तर युरियाच्या दुसऱ्या हप्त्याची, म्हणजे पंचविसाव्या दिवसाची वाट न बघता ओल असताना एकरी दहा किलो युरिया कोळप्यासोबत आधी देऊन टाका. तो दुसऱ्या हप्त्यातून वजा करा.

आणखी एक. ट्रॉलीनं ढीग टाकून ते महिनाभर उन्हात पडू देऊ नका. जुलैअखेर अशा रानाच्या बांधावर उभं राहिलं की ढीग जिथं होते तिथं काळीभोर, गुडघ्याच्या वर गेलेली बाजरीची वर्तुळं दिसतात आणि मधलं सगळं रान फिकट. वळवाच्या सरीनं ढिगातला सत्त्वांश तिथंच खाली उतरलेला असतो. खत ज्या दिवशी रानात येईल त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी, पसरा आणि वखराच्या पाळीनं मातीत मिसळा. मेच्या शेवटच्या आठवड्यापासून जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत हे उरकलं की पेरणीच्या वापशापर्यंत ते मातीत बसतं.

मिसळून टाकायचं का, तर काही मिसळा, काही अजिबात नाही. सुपर फॉस्फेट शेणखतात मिसळलं तर फायदाच आहे, विशेषतः तुमच्याकडे काळ्या तुकड्यात चुनखडी असेल तर. चुन्याच्या मातीत सुटा टाकलेला स्फुरद लवकर बांधला जातो, शेणखताच्या सोबतीनं तो जास्त दिवस मुळाला मिळतो. झिंक सल्फेटही तसंच: माती परीक्षणात जस्त कमी आलं असेल तर एकरी आठ ते दहा किलो झिंक सल्फेट दहापट शेणखतात मिसळून, ओलसर करून, आठ-दहा दिवस सावलीत मुरू द्या आणि मग टाका. पण जस्त आणि स्फुरद एकाच मिश्रणात घालू नका, ते एकमेकांना अडकवतात. युरिया मात्र ओल्या शेणखतात मिसळून ठेवू नये. शेणखतातले जिवाणू दोन दिवसांत त्याचा अमोनिया करतात आणि तो उडून जातो. ढिगाजवळ डोळे चुरचुरले की समजा, पैसे हवेत चाललेत.

पेरणीच्या वेळी निम्मा नत्र, सगळा स्फुरद आणि पालाश दोन चाड्यांच्या (बी आणि खत वेगवेगळं सोडणाऱ्या) पाभरीनं, बियाण्याच्या खाली किंवा बाजूला दोन बोटं अंतर राहील असं द्या. बाजरीचं बी लहान, ते दोन-तीन सेंटिमीटरच्या खाली जाता कामा नये आणि युरियाला टेकताही कामा नये, नाहीतर कोंब भाजतो. शेणखत कमी असेल तर चाळलेलं बारीक खत एकरी तीन-चारशे किलो ओळीतच पडेल असं करा, फेकून देण्यापेक्षा त्याचा गुण जास्त दिसतो. बियाण्याला आधी २० टक्के मिठाच्या द्रावणात टाकून वर तरंगणारं अरगट रोगाचं आणि पोचट बी काढा, दोनदा साध्या पाण्यानं धुऊन सावलीत वाळवा. मग केवडा रोगासाठी मेटॅलॅक्झिल ३५ टक्के हे बुरशीनाशक किलोला ६ ग्रॅम, आणि सगळ्यात शेवटी, पेरणीच्या तोंडावर, ॲझोस्पिरिलम (हवेतला नत्र धरणारं जिवाणू खत) आणि स्फुरद विरघळवणारं जिवाणू खत किलोला प्रत्येकी २५ ग्रॅम. हा क्रम उलटा करू नका.

उरलेला निम्मा नत्र २५ ते ३० दिवसांनी, विरळणी आणि कोळपणी झाल्यावर. कोरडवाहू शेतीतला सगळ्यात मोठा निर्णय हाच, आणि तो कॅलेंडरवर नव्हे, ओलीवर घ्यायचा. बोटभर माती बाजूला केल्यावर खाली ओल लागत असेल तर युरिया ओळीच्या कडेनं टाकून कोळप्यानं मातीआड करा. माती कोरडी असेल तर थांबा. आपल्या चुनखडीच्या, जास्त सामूच्या (pH च्या) रानात वर उघडा पडलेला युरिया उन्हात उडून जातो. चार-पाच दिवसांत पाऊस नाही आला तर २ टक्के युरियाची, म्हणजे १० लिटरला २०० ग्रॅम, सकाळी किंवा उतरत्या उन्हात फवारणी घ्या. त्यानं पीक तग धरतं, पूर्ण हप्त्याची भरपाई होत नाही. आणि पीक पोटरीत येईपर्यंत, म्हणजे कणीस बाहेर पडायच्या आधीपर्यंत, पाऊस आलाच नाही, तर तो हप्ता सोडून द्या. उशिराच्या युरियानं ताटं ठिसूळ होऊन लोळतात. वाचलेली अर्धी गोणी कांद्याला कामी येते. युरियाची गोणी २६६ रुपये ५० पैशांना मिळते म्हणून हात सैल सुटतो, पण लोळलेल्या बाजरीचं नुकसान त्याच्या कितीतरी पट असतं.

बाकीच्या सेंद्रिय खतांबद्दल. धनगरांचा वाडा तुमच्या भागातून जात असेल तर रानात मेंढ्या बसवून घ्या. लेंडीखतात शेणखतापेक्षा नत्र आणि पालाश बराच जास्त, शिवाय मूत्र थेट मातीत जातं आणि वाहतूक वाचते. मेंढ्या उठल्या की लगेच हलकी वखरणी करा, लेंड्या उन्हात तडकू देऊ नका. कोंबडीखतात नत्र तीन टक्क्यांच्या आसपास असतो आणि तो पटकन सुटतो. एकरी पाचशे किलो कुजवलेलं कोंबडीखत पेरणीच्या महिनाभर आधी मातीत मिसळलं असेल तर पेरणीच्या वेळचा युरिया टाळता येतो. ताजं मात्र वापरू नका, रोपं जळतात. बांधावर गिरिपुष्प लावा. त्याच्या कोवळ्या पाल्यात सुक्या वजनावर अडीच टक्क्यांच्या आसपास नत्र असतो आणि तो शेणखतापेक्षा लवकर कुजतो. जीवामृताबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण गावोगाव हा प्रश्न येतो म्हणून सांगतो: १० किलो शेण, १० लिटर गोमूत्र, २ किलो गूळ आणि २ किलो बेसन यांत मिळून नत्र पाव किलोच्या आत भरतो. पिकाला हवा २४ किलो. जीवामृत द्यायचं तर जरूर द्या, पण ते खताच्या हिशेबात धरू नका.

शेणखत बाजरीला की कांद्याला? माझ्या मते बाजरीला. मे-जूनमध्ये पडलेलं खत पावसाळाभर कुजतं आणि सप्टेंबरनंतर सुटणारा नत्र कांद्याच्याच वाट्याला येतो. कांद्याच्या वाफ्यात ताजं शेणखत म्हणजे तणाचं बी आणि खुरपणीची मजुरी. उलट बाजूही लक्षात घ्या: ज्या रानात कांद्याला दरवर्षी १०:२६:२६ या मिश्रखताच्या गोण्या पडतात, तिथं स्फुरद साठून राहिलेला असतो. माती परीक्षणात स्फुरद भरपूर आला तर बाजरीचं सुपर फॉस्फेट निम्मं करा. तुमचा प्रश्न ‘रासायनिक निम्मं करू का’ असा होता. ते निम्मं करायची खरी जागा ही आहे, युरिया नव्हे.

चार एकरांवर पाच टन खत पातळ पसरू नका. एका वर्षी दोन एकरांना अडीच-अडीच टन द्या, पुढच्या वर्षी उरलेल्या दोन एकरांना. सुरुवात मुरमाड तुकड्यापासून करा, कारण ओल धरण्याची गरज तिथं जास्त आहे. ज्या एकरांना त्या वर्षी शेणखत नाही, तिथं पालाश पूर्ण द्या. बाजरीनं उचललेल्या पालाशचा मोठा हिस्सा सरमाडात जातो. सरमाड विकलं तर तो कायमचा गेला, दावणीला घातलं तर शेणखतातून परत येतो. म्हणून सरमाड विकण्याआधी दोनदा विचार करा.

नाचणीचं इगतपुरीला वेगळं आहे. तिथं पाऊस धो-धो, जमीन तांबडी, आम्लधर्मी, उताराची. तुमच्याकडे युरिया उडून जातो, तिकडे तो वाहून जातो. म्हणून लावणीच्या वेळी थोडा आणि नंतर दोन हप्त्यांत, पाऊस ओसरलेला दिवस बघून द्यायला सांगा. युरिया-डीएपीच्या गोळ्या मिळाल्या तर चार रोपांच्या मध्ये एक गोळी खोचली की धुपणं बरंच कमी होतं. शेणखत तिथं आणखी महत्त्वाचं, कारण त्या मातीत अन्नद्रव्य धरून ठेवणारं दुसरं फारसं काही नाही. राबासाठी, म्हणजे रोपांची जागा भाजायला, शेण आणि गोवऱ्या जाळून टाकतात, त्यापेक्षा गादीवाफ्यावर कुजलेलं खत टाकून रोपं करा आणि वाचलेलं शेण खड्ड्यात जाऊ द्या.

माती परीक्षण अजून केलं नसेल तर बाजरी काढल्यानंतर, कांद्याची खतं पडण्याआधी, मुरमाड आणि काळ्या तुकड्याचे नमुने वेगवेगळे काढा. अहवालात चार आकडे आधी बघा: सेंद्रिय कर्ब, स्फुरद, पालाश आणि जस्त. कर्ब ०.४० टक्क्यांच्या खाली असेल त्या तुकड्याला शेणखताचा पहिला मान, मग तो मुरमाड असो की काळा.